खुडूक बँटमला अंड्यांवर बसवताना

इन्क्युबेटर घेऊ का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: तुमच्याकडे एखादी बँटम, म्हणजे बुटक्या जातीची कोंबडी, खुडूक बसते का? बसत असेल तर ते पैसे जाळीवर खर्च करा. खुडूक कोंबडी अंडी उबवते, फिरवते, पिल्लं बाहेर आली की त्यांना पंखांखाली घेते, दाणा टिपायला शिकवते आणि घार दिसली की ओरडून लपवते. मशीन यातली पहिली दोनच कामं करतं, आणि तीही वीज असेपर्यंत.

मी इंदूरच्या या टोकाला, राऊला राहते. शिवणकाम करते. घरामागे सीताफळं आणि शेवगा असलेला तुकडा आहे, तिथे कोंबड्यांचं राज्य. त्यात आखूड पायांच्या, शेपटी उभी धरून चालणाऱ्या जपानी बँटम आहेत, लोकरीसारख्या पिसांच्या सिल्की आहेत आणि हाटातून आलेल्या, बाप कोण ते न सांगता येणाऱ्या बुटक्या गावठी पण आहेत. कोंबडा एकच, फौजदार. सासूबाई देवासच्या, त्यांच्या वाड्यात गावठी कोंबड्या असायच्या. मला यातलं जे येतं त्यातलं निम्मं त्यांचं आणि निम्मं शेजारच्या प्लॉटवर राखण करणाऱ्या झाबुआकडच्या बाईचं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगते, कोंबडीला छेडू नका: "दीदी, छेड़ो मती."

बँटमच का, तर ती वारंवार खुडूक होते आणि एकदा बसली की सहसा उठत नाही. अंगाने हलकी, त्यामुळे अंडं पायाखाली फुटत नाही. फार्मवरच्या अंडी देणाऱ्या जातींमधून खुडूकपणा माणसाने मुद्दाम काढून टाकला आहे, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. आपल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती कोंबडी अंड्यांवर बसण्यात कच्चीच. म्हणून कडकनाथची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली घालायची पद्धत जुनी आहे, आणि बँटम ते काम आनंदाने करते. तिला अंडी कुणाची याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

खरी खुडूक कोणती

नुसती खोक्यात जास्त वेळ बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही. खरी खुडूक पसरून, चपटी होऊन बसते. हात जवळ नेला की पिसं फुगवते, घशातून गुरगुरते, चोच मारते. छातीची पिसं उपटून घरट्यात टाकते, म्हणजे उघडी ऊबदार कातडी अंड्यांना थेट लागते. बाहेर आली तर क्लक क्लक करत, शेपटी फुलवून फिरते. दिवसातून एकदाच शिटते, आणि ती शीट एवढी मोठी आणि घाणेरडी असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती आजारी वाटते. आजारी नसते.

सगळ्यात भरवशाची खूण रात्रीची. बाकीच्या दांडीवर चढल्या आणि ही एकटी घरट्यातच राहिली, असं दोन-तीन रात्री सलग झालं की मग विचार करायचा. तोवर तिच्याखाली खोटी अंडी ठेवा. मी लाकडी ठेवते. काही लोक दुकानातली फार्मची अंडी ठेवतात, तीही चालतात. फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे त्यांतून पिल्लू निघायचा प्रश्नच नाही. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदाच खुडूक झाली असेल तर दोन दिवस आणखी थांबा, त्या वयात मन लवकर बदलतं.

कधी बसवायचं

पुस्तकांत लिहिलेलं असतं की वसंतात बसवा. ती पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली असतात. आमच्याकडे मार्च संपता संपता लू सुरू होते आणि मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. मालव्याच्या रात्री उन्हाळ्यातही गार असतात, शब-ए-मालवा म्हणून त्यांचं कौतुकही आहे, पण अंड्याचं वाटोळं दुपारी होतं. २० अंशांच्या वर अंड्यातला जीव हळूहळू जागा व्हायला लागतो. ३५ अंशांच्या खोलीत तो अर्धवट वाढतो आणि मरतो. म्हणजे कोंबडीखाली जायच्या आधीच अंडं गेलेलं असतं. शिवाय खुडूक कोंबडी आधीच कमी खाते-पिते. उन्हाळ्यात ती खोक्यात बसून धापा टाकते आणि हाडं लागेपर्यंत वाळते.

पावसाळ्यात दुसरी तऱ्हा. आमची काळी माती एकदा भिजली की आठ-आठ दिवस चिकट राहते, आणि ओल म्हणजे पिल्लांना रक्ती हगवण.

म्हणून मी दसऱ्यानंतर सुरू करते आणि होळीच्या आधी शेवटची कोंबडी उठलेली असावी असं बघते. माझी सगळ्यात आवडती वेळ संक्रांतीनंतरची. तेव्हा बसवलेली अंडी फेब्रुवारीत फुटतात आणि खरं ऊन पडायच्या आत पिल्लांना पिसं आलेली असतात. ऐन पौषात बसवलं तरी कोंबडी निभावते, फक्त अंडी कमी घालायची.

आणि उन्हाळ्यात खुडूक झालीच तर तिचा खुडूकपणा मोडा. तळाला जाळी असलेला पिंजरा चार विटांवर उचलून ठेवायचा, खालून वारा लागेल असा, आत गवत-भुसा काही नाही, फक्त दाणा-पाणी. सावलीत. पोटाला गार हवा लागत राहिली की तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या भानावर येतात. नाकात पीस घालणं, गार पाण्याच्या बादलीत बुचकळणं हे प्रकार अजून चालतात. मला ते पाहवत नाहीत, आणि पिंजऱ्याने काम होत असताना गरजही नाही.

अंडी

कोंबड्याशिवाय पिल्लू नाही, हे सांगावं लागतं; सुशिक्षित माणसंसुद्धा विचारतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. नवा आणला असेल तर दहा-बारा दिवस जाऊ द्या, मग अंडी जमवायला लागा. फळत आहेत का हे बघायचं असेल तर नाश्त्याला एक अंडं फोडून पिवळ्यावरचा पांढरा ठिपका बघा: फळलेलं असेल तर ठिपक्याभोवती गोल कडं दिसतं, नसेल तर नुसता बारीक डाग.

अंडी जमवायची ती आठवड्याभरातली. त्याहून जुन्यांतून पिल्लं कमी निघतात. फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. टोकदार बाजू खाली, आणि रोज थोडी कलती करायची. थंडीत घरातला कुठलाही गार कोपरा चालतो. ऊन वाढलं असेल तर मी पसरट कुंडीत ओली वाळू घालते, तिच्यावर बांबूची टोपली, टोपलीत अंडी आणि वर ओलसर मलमल. माठाजवळच ठेवते, म्हणजे पाणी शिंपडायचं विसरत नाही. फार मळलेलं, वाकडं, पातळ कवचाचं अंडं घेऊ नका. धुवू पण नका. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो गेला की घाण आत शिरते. वाळलेली घाण नखाने खरवडा.

किती घालायची? बँटमची स्वतःची अंडी ३०-३५ ग्रॅमची, ती सात-आठ बसतात. गावठी किंवा कडकनाथची असतील तर चार, फार तर पाच. सासूबाई विषमच घालायच्या, सात किंवा पाच. विषम आकड्यात देव असेल-नसेल, पण त्या सहाव्याचा मोह आवरायच्या ते बरोबर होतं. कोंबडी कडेची अंडी सतत आत घेते आणि आतली बाहेर ढकलते. एक जरी जास्त झालं तर ते थंड अंडं फिरून फिरून प्रत्येक जागी येतं, आणि एकाच्या हव्यासापायी तीन-चार जातात. शंका असेल तर तिला बसलेली समोरून बघा. एकही अंडं पिसांबाहेर दिसता कामा नये.

मोठ्या अंड्यांबाबत आणखी पुढचं बघा. कडकनाथची पिल्लं तीन आठवड्यांत एवढी वाढतात की बुटक्या आईच्या पंखाखाली मावत नाहीत, ढुंगणं बाहेर. जानेवारीच्या रात्री हे चालत नाही. थंडीत मी मोठी चारच घालते.

सगळी अंडी एकाच दिवशी घालायची. रोज एक-एक घालत गेलात तर पहिली पिल्लं निघाल्यावर ती उठून जाईल आणि बाकीची तशीच राहतील. प्रत्येक अंड्यावर मधोमध पेन्सिलने गोल रेघ ओढा. आमच्या शिलाईच्या खडूची रेघ दोन दिवसांत पुसली जाते, पेन्सिल टिकते. ही रेघ कशाला? कारण बाकीच्या कोंबड्या आळशी असतात. खुडूक बाई दाणा खायला उठली की त्यांच्यातली एक चटकन तिथेच अंडं घालून जाते. बिनरेघेचं दिसलं की त्याच दिवशी काढायचं.

जागा

इथे कंजुषी करू नका. वेगळी, बुटकी, अंधारी, जमिनीलगतची जागा, जिथे दुसरी कोंबडी येणार नाही. मी चोइथराम मंडीतून फळांच्या लाकडी पेट्या आणते. पेटी आडवी ठेवायची, पुढे चार बोटांची पट्टी ठोकायची, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत पण कोंबडी सहज आत-बाहेर करते. उंचावर नको, पिल्लं पडतात.

तळाला चाळलेल्या मातीचा जाड थर, हाताने दाबून मधे खोलगट केलेला, पोहे खायच्या बशीइतकाच खोल. त्याहून खोल केलं तर अंडी एकावर एक चढतात. मातीवर गव्हाची मऊ काड, आणि तिच्याखाली वाळलेला कडुलिंबाचा पाला नि थोडी चाळलेली राख. सोयाबीनचं भुसकट इथे ढिगाने मिळतं, पण ते टोचतं. मी ते खुराड्याच्या जमिनीवर टाकते, घरट्यात नाही. आणि दोरे, चिंध्या, कापूस कधीही नाही. मी शिंपीण, माझ्या घरात चिंध्यांना तोटा नाही, तरी त्यातली एकही मागे जाऊ देत नाही. पिल्लाच्या पायाला दोरा गुंडाळला की तो चालता चालता आवळत जातो आणि पाय सुजून जातो.

लाल पिसवांचं बघा. त्या दिवसा पेटीच्या फटीत असतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. बसलेली कोंबडी पळू शकत नाही. त्रास फार झाला तर ती अंडी टाकून जाते आणि आपण म्हणतो, हिला बसता येत नाही. बसवायच्या आधी पेटी कडक उन्हात तापवा, फटींना चुना लावा, कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघून घ्या.

मुंग्या हा आपल्याकडचा खास शत्रू, त्याबद्दल बाहेरच्या पुस्तकांत फारसं नसतं. अंड्याला पहिला टवका पडला की त्याच्या वासाने लाल मुंग्या येतात आणि आतलं ओलं पिल्लू बाहेर यायच्या आधीच संपवतात. पेटीला पाय असतील तर प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवा. जमिनीवरच असेल तर भोवती चुन्याची रुंद रेघ, आणि फुटायच्या आठवड्यात ती रोज ताजी.

जाळी अर्ध्या इंचाची, चौकोनी, वेल्ड केलेली. षटकोनी स्वस्त जाळीतून घूस नाही आली तरी उंदीर येतो आणि साप तर येतोच. मुंगूस जमीन उकरून येतं, म्हणून जाळी वीतभर जमिनीत गाडा किंवा बाहेरून फरशीचे तुकडे लावा.

कोंबडीला नव्या जागी न्यायचं ते रात्री, अंधारात, हळू आवाजात. खोटी अंडी आधी तिथे ठेवा, वर तिला ठेवा, पुढे पोतं टाकून अंधार करा. दुसऱ्या दिवशी ती शांत बसली असेल तर त्या रात्री खरी अंडी सरकवा. त्या रात्रीपासून दिवस मोजायचे आणि पेटीवरच खडूने तारीख लिहायची.

एकवीस दिवस

गावठीला २१ दिवस. बँटमची अंडी बऱ्याचदा १९-२० व्या दिवशीच फुटतात, म्हणून तयारी आधी ठेवा.

या दिवसांत तुमचं काम थोडं आहे. तिच्यापासून दोन हातांवर मका, बाजरी, गहू असा आख्खा दाणा आणि पाणी. भरडलेलं खाद्य या दिवसांत नको. आख्ख्या दाण्याने शीट घट्ट राहते आणि घरटं घाण होत नाही. जवळच राख-मातीचा खड्डा, लोळायला. ती दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत खाऊन, पिऊन, शिटून, लोळून परत. दुपारी थोडा उशीर झाला तर घाबरू नका, अंडी तेवढी थंड व्हायलाच हवीत असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यात तथ्य आहे. थंडीच्या सकाळी मात्र अर्ध्या तासाच्या आत बसायला हवी.

काही सिल्की इतक्या हट्टी की उठतच नाहीत. अशीला रोज ठरल्या वेळी उचलून दाण्यापुढे ठेवावं लागतं. उचलताना दोन्ही पंखांखाली बोटं घालून बघा, अंडं काखेत अडकलेलं असतं आणि अर्ध्या वाटेत पडून फुटतं. अंडं फुटलंच तर ओली काड बदला आणि बाकीच्या अंड्यांवरचा चिकटा कोमट पाण्याच्या फडक्याने टिपा. गार पाणी नको.

सातव्या रात्री अंडी बघायची. मोबाइलची टॉर्च, तिच्यावर छिद्र पाडलेला पुठ्ठा, त्या छिद्रावर अंड्याची रुंद बाजू. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा हलता ठिपका. पूर्ण स्वच्छ असेल तर फळलेलंच नव्हतं. शिरा नसून रक्ताची एक गोल कडी दिसली तर जीव सुरू होऊन मेला. ही दोन्ही काढा. चौदाव्या रात्री पुन्हा: आता रुंद बाजूची हवेची पोकळी सोडून सगळं अंडं काळं दिसायला हवं. वास येणारं किंवा हलवल्यावर डुचमळणारं अंडं ताबडतोब, हळू हातांनी, लांब नेऊन पुरा. घरट्यात फुटलं तर बाकीची नासतात आणि आठवडाभर तुमचं जेवण पण. बँटमचं फिकट कवच बघायला सोपं जातं. आणि एका अंड्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ देऊ नका.

वीज कडाडली की अंडी बिघडतात म्हणून पेटीत लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवायची रीत आहे. खिळ्याने काही बिघडत नाही, ठेवायचा तर ठेवा, फक्त टोक वर नको.

हवा फार कोरडी असेल तर शेवटच्या आठवड्यात पेटीच्या कडेने मातीत वाटीभर पाणी सोडा. ओल खालून वर येते आणि अंड्याच्या आतलं पातळ पापुद्र्याचं आवरण सुकत नाही. अंड्यांवर पाणी शिंपडायची गरज नाही.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. छेड़ो मती.

फुटताना

आदल्या दिवशी कोंबडीचा आवाज बदलतो. हळू, खर्जातलं कुरकुरणं, आणि कान लावला तर आतून चिवचिव. पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा तास लागतील, कधी पूर्ण दिवस. मधले काही तास काहीच होत नाही, आणि याच तासांत लोकांचा धीर सुटतो. ते कवच सोलतात. आत त्या वेळी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं आणि आवरणातल्या शिरा रिकाम्या होत असतात. तेव्हा सोललंत तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. आईला ठाऊक असतं, ती सोलत नाही.

त्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, म्हणून पहिल्या दिवशी दाणापाणी देऊन कोंबडीला उठवू नका. ती उशिराच्या अंड्यांसाठी बसून असते. साधारण दोन दिवसांनी ती पिल्लं घेऊन उठेल. मागे राहिलेली अंडी टॉर्चने बघा. आवाज येत असेल तर दुसऱ्या खुडुकीखाली सरकवा, नसेल तर पुरा.

पहिलटकरणीवर मात्र नजर ठेवा. आपल्या खालून काहीतरी ओलं वळवळतंय याने काही तलंगा दचकतात आणि त्यालाच टोचतात. असं दिसलं तर पिल्लं काढून कापडाने झाकलेल्या उबदार डब्यात ठेवा आणि रात्री अंधारात पुन्हा तिच्याखाली घाला. बहुतेक वेळा सकाळपर्यंत समेट होतो. होत नसेल तर त्या कोंबडीला पुन्हा बसवू नका.

याच युक्तीने विकतची पिल्लं पण लावता येतात. कोंबडी किमान दोन आठवडे बसलेली हवी, पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. रात्री एक-एक करून पंखाखाली सरकवायची आणि तेवढीच अंडी काढून घ्यायची. पहाटे उठून बघा. ती कुरकुरत त्यांना आत ओढत असेल तर काम झालं. चार-पाच दिवसांची मोठी पिल्लं लावायच्या भानगडीत पडू नका. ती आईला मानत नाहीत आणि आई त्यांना.

पिल्लं

बल्ब लागत नाही. आई हाच बल्ब.

पाण्यात बुडून मरणारी बँटमची पिल्लं मी ऐकत आले आहे; ती अंगठ्याएवढी असतात, बशीभर पाणी पुरतं. बशीत गोटे भरा, चोच जाईल एवढंच पाणी मधल्या फटीत दिसावं. इंदूरच्या कुठल्या घरात ओंकारेश्वर-महेश्वरहून आणलेले नर्मदेचे गोटे नसतात? देव्हाऱ्यातले सोडून बाकीचे घ्या.

खायला चिक स्टार्टर, बारीक चुऱ्याचं. तेच आईने खाल्लं तरी चालतं. उलटं मात्र नाही: अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना फार असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. स्टार्टर मिळेपर्यंत तांदळाची कणी, छावणीच्या धान्य बाजारातली बाजरी भरडून आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं. पण नुसत्या कणीवर पिल्लं वाढवू नका, प्रथिनांशिवाय पिसं येत नाहीत. बुरशीचा वास येणारा मका फेकून द्या, कितीही महाग असो. भांडं जड, बुटकं, नाहीतर कोंबडी उकरून सगळं उडवते. माझ्याकडे तुटक्या पाट्याचा तुकडा आहे, तो हलत नाही.

पहिला आठवडा आई-पिल्लं बाकीच्यांपासून वेगळी. नंतर डालं काढा. बांबूचं डालं उपडं घालून आईला आत ठेवायचं, पिल्लं फटीतून आत-बाहेर करतात. आई आतून हाका मारते, त्यामुळे ती लांब जात नाहीत, आणि बाकीच्या कोंबड्यांना त्यांची सवय होते. दोन-तीन दिवसांनी आईला सोडा. आता कुणाची हिंमत नाही. एवढीशी बँटम फौजदाराच्या अंगावर जाते आणि तो बाजूला होतो.

आकाशातून घार आणि शिक्रा येतात, पण पिल्लं सगळ्यात जास्त नेतो कावळा. वर नायलॉनची जाळी किंवा दाट झुडपं हवीतच. कावळ्यांचं दुसरंही कारण आहे. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि तपासणीत एच५एन८ बर्ड फ्लू निघाला. तेव्हापासून मी दाणा-पाणी उघड्यावर ठेवत नाही. मेलेला पक्षी दिसला तर हाताने उचलू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा, मुलं तर त्यांचे मुके घेतात.

मानमोडी म्हणजे राणीखेत. ती आली की खुराडं रिकामं करते, औषध नाही, लसच आहे. लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पुढचा डोस आणि देवीची लस पशुवैद्याला विचारून सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. सात पिल्लांसाठी ती परवडत नाही म्हणून लोक टाळतात. टाळू नका, आसपासच्या कोंबड्यावाल्यांना एका दिवशी बोलवा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आमच्या बाजूच्यांना ते जवळ पडतं.

पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून उभी राहिली आणि शीट लालसर दिसली तर ती रक्ती हगवण. त्याच दिवशी खालचं सगळं बदला आणि औषध आणा; उद्यावर टाकलं तर निम्मी जातात. कोरडी जमीन हाच खरा उपाय.

सिल्की आईबद्दल एक. तिच्या लोकरीसारख्या पिसांत पिल्लाची मान किंवा पाय अडकतो. बसवायच्या आधी पोटाखालची आणि मांड्यांवरची लांब पिसं कात्रीने आखूड करा, आणि डोळ्यांवर येणारा झुलपा पण, नाहीतर तिला घार दिसणार नाही. पिसं कापताना दुखत नाही. कोवळं, मुळाशी निळसर दिसणारं पीस मात्र कापू नका, त्यात रक्त असतं.

पाच-सहा आठवड्यांनी आई एक दिवस दांडीवर झोपायला जाते. पिल्लं खाली गोंधळ घालतात. दुसऱ्या दिवशी ती त्यांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंडी द्यायला लागते. तोवर पिल्लांना पुरती पिसं आलेली असतात, त्यांना सगळ्यांना एकत्रच कोपऱ्यात झोपू द्या. थंडी असेल तर खाली काड जाड करा.

निम्मी कोंबडे निघतात, हे धरूनच चाला. तीन-चार महिन्यांत ते भांडायला लागतात आणि बँटमचं आरवणं बारीक पण कर्कश असतं, शेजारी पहाटे चारला बोलायला येतात. कुणी ठेवतं, कुणी खातं, मी हाटात देते. आधीच ठरवून ठेवा.

आणि तीच आई दोन महिन्यांत पुन्हा खुडूक होईल. बसवू नका, पिंजऱ्यात मोडा, अंगावर मांस येऊ द्या. वर्षातून दोन वेळा पुरे. तोवर पेटीतली माती-काड खतात टाका, पेटी उन्हात उलटी करा आणि फटींना चुना भरून ठेवा.